हजेरीचा सवाल

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी हजेरीच्या, म्हणजे तमाशाच्या सकाळच्या खेळाच्या, आधी पार्टीला चहा पाजायचा मान गोविंदाच्या घराचा होता. मान गोविंदाचा आणि धूर नंदाबाईच्या डोळ्यांत, अशी त्या मानाची वाटणी लग्न झाल्यापासून, म्हणजे गेली सतरा वर्षं चालत आली होती. यंदा तळेगावच्या बजरंग मास्तरांची पार्टी आणली होती. बारा माणसं अंगणात घोंगड्यांवर पसरली होती, कुणी दाढी करत होतं, कुणी ढोलकी ताणत होतं, आणि चुलीवर गुळाचा चहा रटरटत होता. तरी नंदाबाई आज खुशीत होती. पार्टीचा पेटीवाला सीताराम तिच्या माहेरचा, परंदवडीचा होता. भाऊबिजेला न चुकता येणारा माहेरचा हा एकच माणूस.

सीताराम कप न्यायला म्हणून आत आला आणि चुलीशीच उकिडवा बसला.

“ताई, आज तुजं गानं हाये बरं का.”

“माजं? माजं कुटलं रं गानं?”

“दिवाळीत दिलंतंस न्हवं का लिवून घ्यायला? मास्तरांनी बशीवलंय. हजेरीचा श्येवट त्याच्यावरच. आयक.” आणि त्यानं कपावर बोटानं ठेका धरला. “दगडाच्या पोटामंदी कशी रुजंल साळ गं...”

नंदाबाईला बरं वाटलं. माहेरच्या माणसाच्या तोंडून ते किती गोड वाटत होतं! तिच्या ओठांवर पुढची ओळ आपोआप आलीसुद्धा. तेवढ्यात मागच्या दारात पाण्याची घागर जोरात टेकल्याचा आवाज झाला. धाकटी जाऊ हिरी दारात उभी होती. डोक्यावरची चुंबळ तिनं हातात घेतली होती आणि ती सीतारामकडं बघत नव्हती, नंदाबाईकडं बघत होती.

“त्ये गानं ह्येंच्याकडं कसं गेलं?” हिरीनं विचारलं.

“ताईनं दिलं,” सीताराम उत्साहानं म्हणाला. “समदी अकरा कडवी. बारावं मास्तरांच्या नावाचं म्या जोडलं.” मग त्याच्या ध्यानात आलं की चुलीपुढं आपल्याशिवाय कुणी हसत नाही, आणि तो कप गोळा करून बाहेर सटकला.

ह्यात नंदाबाईची चूक होती आणि नव्हतीही. वाडीत आवणीच्या दिवसांत इर्जिक घालतात. आज ह्याच्या खाचरात, उद्या त्याच्या, असं करत साऱ्या वाडीच्या बाया एकेकाची भातलावणी उरकून देतात. गेली दहा वर्षं त्या रांगेत पहिली ओळ हिरी घेई आणि तिच्या पाठीला उभी राहून नंदाबाई झील धरी, म्हणजे तिची ओळ उचलून परत म्हणे. बाकीच्या बाया मग दोघींच्या मागं जात. गाणी हिरी करत असे. कुठं, कधी करी ते कुणाला ठाऊक नव्हतं. धुणं धुताना, गवत कापताना तिचे ओठ हलत आणि आवणीला नवं गाणं तयार असे. शेवटचं कडवं मात्र नावाचं. ज्याचं खाचर, त्याचं नाव त्यात घालायचं, म्हणजे त्याच्या कणग्या भरतात. त्यामुळं एकच गाणं आज गोविंदाचं, उद्या शेजारच्या कोंडिबाचं होई, आणि ते मुळात केलं कुणी, हे विचारायची पाळीच कधी येत नसे.

दिवाळीत सीतारामनं वही काढून विचारलं, ताई, तुला काय काय येतं? नंदाबाईला असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ती दिवेलागणीपर्यंत सांगत बसली होती. शेवटी त्यानं विचारलं, खाली नाव कुणाचं घालू? ती सरळ मनानं म्हणाली, जिथं गाशील तिथल्या धन्याचं घाल. रिवाजच तो. पार्टीचा धनी बजरंग मास्तर, म्हणून सीतारामनं बजरंग मास्तरांचं नाव घातलं.

“इर्जिकीतलं गानं समद्यांचंच असतं, हिरे,” नंदाबाई आता म्हणाली. आवाज तिला हवा होता तेवढा चढला नाही.

“इर्जिकीत असतं. म्या कदी तंटा केला? पर आज माधवराव येनार हायेत, ठावं हाये न्हवं तुमास्नी?”

ठाऊक होतं. तेच तर खरं दुखणं होतं. लोणावळ्याच्या वाचनालयाचे माधवराव. हिरीचा नवरा बहिरू रेल्वेत गँगमन. माघात त्याच्या साहेबाच्या घरच्या हळदीकुंकवाला हिरी गायली होती आणि पडवीत बसलेल्या माधवरावांनी ऐकली होती. वाचनालयाला पंचवीस वर्षं होणार, त्या उत्सवात हिरीचं एकटीचं गाणं ठेवायचं त्यांच्या मनात होतं. पण त्यांच्या कमिटीचं म्हणणं असं, की बाई दुसऱ्याची गाणी म्हणत असेल तर नको. स्वतःची असतील तरच. म्हणून माधवराव आज हजेरीच्या निमित्तानं वाडीत चौकशीला येणार होते. आणि त्यांच्या पुढ्यात बजरंग मास्तर तेच गाणं आपल्या नावानं म्हणणार! मागून हिरीनं तोंड उघडलं, तर ती चोर ठरणार होती.

“मास्तरला म्या न्हाई म्हनलं त्याचा ह्यो सूड हाये,” हिरी म्हणाली. बजरंग मास्तरांनी तिला शिमग्यात पार्टीत बोलावलं होतं. गाणी तिची, नाव पार्टीचं. हिरीनं साफ नाकारलं, तेव्हा घरात गोविंदा आठ दिवस तिच्याशी बोलत नव्हता. आणि नंदाबाईला, आता कबूल करायला हरकत नाही, आतून जरा बरंच वाटलं होतं.

हिरी घागर तशीच टाकून ओसरीवर गेली. नंदाबाई चहाचं पातेलं उतरवून तिच्यामागं गेली.

ओसरीवर म्हातारे सासरे नवसू आबा तंबाखू मळत होते. गोविंदा नवा फेटा बांधत होता. तो यात्रेचा पंच होता आणि सकाळपासून चालण्यातसुद्धा पंच झाला होता. बहिरू रात्रपाळी करून मळवलीहून नुकताच चालत आलेला, खाकी कपड्यांतच खांबाला टेकला होता.

हिरीनं सगळं सांगितलं. रडली नाही, ओरडली नाही. फक्त “नंदाबाईंनी दिलं” असं न म्हणता “घरातनं ग्येलं” असं म्हणाली. ते ऐकून नंदाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग काय करू? पार्टीला माघारी धाडू?” गोविंदा फेटा सोडून उखडला. “पंचानं शब्द दिलाय. पाच गावचं लोक आल्यात. आन गान्याला काय सातबारा असतो का गं? तुजंच हाये कशावरनं?”

“दादा,” बहिरू म्हणाला. तो वर्षातून चार वाक्यं बोलायचा, त्यामुळं सगळे गप्प झाले. “त्यात घाटाचं कडवं हाये. म्या रुळावर खिळं ठोकतो त्याचं. बजरंग मास्तर कुटं खिळं ठोकाया ग्येलता?”

“त्ये कडवं त्येंच्याकडं न्हाई,” हिरी हळूच म्हणाली. “त्ये म्या अजून कुनालाच म्हनून दावलं न्हाई. तुमी झोपलाय समजून गुनगुनत व्हते.”

बहिरूचे कान लाल झाले. आबांना मात्र मजा वाटली. त्यांनी तंबाखू दाढेत ठेवली आणि गोविंदाला म्हणाले, “तू पंच हायेस ना? मंग पंचाला रिवाज ठावं पायजे. हजेरीत गावानं सवाल टाकला, तर पार्टीला जवाब द्यावाच लागतो. माज्या बापानं टाकलाय, म्या टाकलाय.”

“बायामानसानं टाकलाय का कदी?”

“न्हाई टाकला. पर टाकू नये असं तरी कोन म्हनलंय?”

गोविंदानं बापाकडं पाठ करून फेटा पुन्हा बांधायला घेतला. त्यानं राग नंदाबाईवर काढला. जाता जाता तिच्याजवळ थांबून खालच्या आवाजात म्हणाला, “धाकटी काय करायचं त्ये करू दे. तू त्यात पडायचं न्हाई. सांगून ठिवतो.”

नंदाबाईनं मान हलवली. सतरा वर्षं ती मान त्याच दिशेनं हलत आली होती.

भैरोबाच्या देवळापुढं उंबराखाली पार्टीनं फळ्या टाकून रंगमंच केला होता. ऊन चढायला लागलं होतं, वर लोहगडाचा कडा उजळला होता आणि माणसं दगडांवर, बैलगाड्यांच्या जोखडांवर, जागा मिळेल तिथं बसली होती. बाया देवळाच्या डाव्या अंगाला, डोक्यावर पदर घेऊन. पुढच्या रांगेत पंचांच्या शेजारी एका खुर्चीत पांढऱ्या टोपीतले, चष्म्याचे माधवराव. नंदाबाईनं त्यांना बघितलं आणि पदर आणखी पुढं ओढला.

बजरंग मास्तर माणूस गुणी होता, हे खोटं नाही. आवाज खणखणीत, हात टाकण्यात रुबाब. त्यानं गण म्हटला, लोकांना हसवलं, एका म्हाताऱ्याची टोपी उडवली. मग हात जोडून म्हणाला, “मायबाप, आता श्येवटचं गानं. ह्या मावळच्या मातीवरनं, ह्या गडाकडं बघून, ह्या तुमच्या सेवकानं स्वता रचलेलं!”

ढोलकी वाजली. सीतारामनं पेटी धरली, पण मान वर केली नाही.

“दगडाच्या पोटामंदी कशी रुजंल साळ गं,
डोईवर गड हुभा, पायाखाली गाळ गं...”

बायांच्या घोळक्यात चुळबुळ सुरू झाली. “आगं, ह्ये तर आपलं!” कुणी तरी म्हणालं. “आवनीचं गानं पुरुष मानूस कसं म्हनतंय बाई!” नंदाबाईच्या शेजारी हिरी हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. कडव्यामागून कडवं येत होतं, सगळी अकराच्या अकरा, आणि प्रत्येक कडव्याला नंदाबाईला आपण ते कुठं बसून सांगितलं ते आठवत होतं. लोक डोलत होते. माधवराव खिशातून कागद काढून काही लिहीत होते. शेवटी मास्तरनं फेट्याला हात लावला:

“बजरंग शाहिर म्हनं, आयका सभा सारी गं,
मावळात गाजती ही माजी ललकारी गं!”

टाळ्या झाल्या. टाळ्या विरल्या आणि हिरी उठली.

“सवाल हाये,” ती म्हणाली.

सगळी माणसं मागं वळली. मास्तर हसला. “बोला बाई. घरात मीठ संपलं का?”

पुरुष हसले. हिरी हसू संपेपर्यंत थांबली. “ह्या गान्याचं म्होरलं कडवं म्हना.”

“म्होरलं? बाई, नावाचं कडवं आलं की गानं सपतं. त्येवढं तरी ठावं पायजे.”

“ज्यानं केलं त्येचं सपत न्हाई. ज्यानं उचललं त्येचं सपतं. म्हना म्होरलं.”

आता कुणी हसलं नाही. गोविंदा अर्धवट उठला होता. आबांनी त्याचं धोतर धरून त्याला खाली बसवला. बजरंग मास्तरनं सीतारामकडं बघितलं, सीतारामनं वहीकडं बघितलं आणि वही मिटली.

“मंग म्या म्हनते,” हिरी म्हणाली आणि तिथूनच, बायांच्या मधून, तिनं उचललं:

“घाटामंदी रुळावर धनी ठोकी खिळा गं...”

आणि ती थांबली. थांबावंच लागतं. तिची गाणी तशीच बांधलेली असत. पहिली ओळ पुढचीनं टाकायची आणि पाठीवरच्या झीलनं ती उचलून परत द्यायची, तेव्हा कुठं दुसरी ओळ चढायची. खाचरात रोपांची पुढची मूठ हातात घ्यायला तेवढाच वेळ लागतो. फळ्यांवरच्या पार्टीत चार झीलकरी उभे होते. ते मास्तरच्या तोंडाकडं बघत गप्प राहिले. ढोलकीवाल्यानं ढोलकी मांडीवरनं खाली ठेवली होती. ती ओळ उन्हात तशीच लोंबकळत राहिली. एक पळ गेलं, दोन गेली. मागून कुणी तरी खोकलं. कुणी म्हणालं, “अडली.”

नंदाबाईनं गोविंदाकडं बघितलं. तो तिच्याचकडं बघत होता आणि त्याची मान आडवी हलत होती. तिला त्याची भीती वाटली, नेहमीसारखीच वाटली. पण हिरीच्या पाठीमागं मोकळी पडलेली ती जागा दहा वर्षं तिची होती, आणि तिथं दुसरं कुणी उभं राहू शकत नव्हतं. पाय आपसूक उचलले गेले, असं तिनं पुढं कुणालाही सांगितलं नाही. तिनं जाणूनबुजून उचलले. उठली, पदर कमरेला खोचला आणि हिरीच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

“...धनी ठोकी खिळा गं,” नंदाबाईनं ओळ उचलली, तिच्या जाड, रांगड्या आवाजात. हे कडवं तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. तरी ते कुठं वळणार हे तिला कळत होतं.

हिरीनं मागं न बघता दुसरी ओळ टाकली: “हितं माज्या पायामंदी चिखलाचा वाळा गं!”

“चिखलाचा वाळा गं!” आता सगळ्या बाया. चाळीस-पन्नास जणी, बसल्या बसल्या, एका दमात. देवळाच्या पत्र्यावरचे पारवे उडाले. पुरुषांच्या बाजूनं बहिरू उठून उभा राहिला होता, खाकी कपड्यांत, कान लालेलाल, आणि लोक त्याच्याकडं बोटं दाखवून हसत होते. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

“आगगाडी येती, जाती, शिट्टी तिची मोटी गं,
आमची हाक ऱ्हाती बाई आमच्याच व्हटी गं!”

ह्या कडव्याला गंमत झाली. फळ्यांवरच्या ढोलकीवाल्याचा हात त्याला न विचारता ढोलकीकडं गेला. मास्तरनं डोळे वटारले, पण वाजवणाऱ्याला चांगली ओळ सोडवत नाही. त्यानं मान फिरवली आणि असा ठेका धरला की लहान पोरं नाचायला लागली. हिरी चालत पुढं आली, नंदाबाई तिच्यामागं. मग कोंडिबाची बायको, तिची सून, तिच्या मागं आणखी कुणी कुणी. आवणीची अख्खी रांगच उंबराखाली येऊन उभी राहिली.

गाणं शेवटाला आलं. सगळ्यांना कळलं की आता नावाचं कडवं. पण शेत तर कुणाचंच नव्हतं. हिरीनं श्वास घेतला.

“उखान्यात धन्याचं नाव घ्येतलं बाई गं,
हिरी म्हनं, आज माजं. उसनं घ्येत न्हाई गं!”

नंदाबाईनं ते नाव उचललं. एकदा उचलून तिचं समाधान झालं नाही. “हिरी म्हनं, आज माजं!” तिनं पुन्हा म्हटलं, आणखी एकदा म्हटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज फाटत होता, पण तिला वाटत होतं की दिवाळीत दिलेलं सगळं आज आपण ओढून घरी आणतोय. तिला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

टाळ्या झाल्या म्हणणं कमीच. लोकांनी फेटे उडवले. बजरंग मास्तरनं हात करून ढोलकी थांबवली. मग धंद्यातला माणूस म्हणून म्हणा, नाही तर खरंच त्याला आतून लागलं म्हणून म्हणा, पुढं येऊन त्यानं हात जोडले. “मंडळी, जवाब आमच्याकडं न्हाई. नाव चुकीचं घातलं आमी. गानं बाईंचं.” एवढं बोलून तो फळ्यांवरून उतरला. सीताराम नंदाबाईच्या जवळून गेला तेव्हा तिनं त्याला हटकलं, “भाऊबिजेला ये. वही आनू नगंस.”

दुपारी माधवराव घरी आले. नंदाबाई आत पाटावर बसून पाहुण्यांसाठी पानं लावत होती. दारातून ओसरी दिसत होती. रिवाजाप्रमाणं माधवराव घरच्या कर्त्यापुढं बसले. “गोविंदराव, कमिटीच्या वतीनं मी आजच पक्कं करून जातो. वैशाखातल्या पौर्णिमेला. साथीला वाटल्यास बजरंग मास्तरांचीच पार्टी सांगू का?”

गोविंदानं नवा फेटा सोडून मांडीवर घेतला होता आणि त्याची घडी घालत होता. नंदाबाईचा विडा हातातच राहिला. आता हा काय म्हणतो ह्यावर सगळं होतं. कर्त्यानं नाही म्हटलं की विषय संपला.

“माज्याकडं काय बगताय, माधवराव?” गोविंदा अखेर म्हणाला. घडी मोडली, पुन्हा घातली. “सकाळच्याला मलाबी वाटलं व्हतं, मला इचारल्याबिगर हितं काय व्हत न्हाई. गानं तिचं हाये. ती बसलीया तितं. तिला इचारा.”

आबा खोकले, ते खोकणं बरंचसं हसण्यासारखं होतं.

हिरी खांबाआडून पुढं झाली. “पार्टी नगं,” ती म्हणाली. “कुटल्याच पार्टीत म्या जानार न्हाई. आमच्या आमी येऊ. ढोलकीवाला त्येवढा तुमी बगा, त्यो सकाळचाच मिळाला तर लय बरं. आन गानी म्या म्हनंन तीच.”

“कबूल. जाहिरात छापावी लागेल.” माधवरावांनी कागद गुडघ्यावर घेतला. “सौभाग्यवती हिराबाई असं लिहू?”

“हिरी लिवा.”

“नुसतं हिरी?”

“नुसतं हिरी. गानं करनार आन म्हननार, हिरी.” ती जरा थांबली. “आन त्येच्याच बरूबरीनं, तेवढ्याच मोट्या अक्षरात लिवा: झील, नंदाबाई.”

माधवरावांनी लिहिलं. टाक थांबवून त्यांनी चष्म्यावरून ओसरीभर पाहिलं. “नंदाबाई कोण?”

हिरीनं दाराकडं बघितलं. गोविंदानंही बघितलं. मग सगळेच तिकडं बघायला लागले.

“मी,” नंदाबाई म्हणाली, आणि पाटावरून उठून बाहेर आली.